अमेरिकेच्या निवडणुकीत हवामानाचा विषय जातो कुठे?

२०२४ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. सांगलीहून मामाचा फोन आला. टीव्हीवर त्यानं नॉर्थ कॅरोलायनातला पूर बघितला होता, अख्खी घरं नदीतून वाहत चाललेली, तर आधी मी बरी आहे ना ते विचारलं आणि मग म्हणाला, "काय गं, महिन्याभरात तुमच्याकडं मतदान आहे, मग या हवामानावर तिथं कुणी बोलत कसं नाही?" मामाचं घर गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले तेव्हा त्याच्या खालच्या मजल्यात छातीच्या वर पाणी होतं, गहू-तांदळाचे डबे, सिलिंडर आणि आजीचा फोटो एवढं माडीवर नेता आलं, बाकी सगळं गेलं. त्यामुळे हा प्रश्न तो वेळ घालवायला विचारत नव्हता.

मी पेनसिल्व्हेनियात राहते, पिट्सबर्गजवळ. मत नाही मला अजून, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत, पण निवडणूक दारात येतेच, त्या दोन महिन्यांत आमच्या पत्रपेटीत रोज चार-पाच चकचकीत पत्रकं असायची. तरी मामाला फोनवर धड सांगता आलं नाही कारण एका वाक्यात मावणारी गोष्ट नाहीये ती. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी एक समज काढून टाकू. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की अमेरिकन लोक हवामान बदल मानतच नाहीत. तसं नाहीये. सर्व्हेमध्ये दहातले साधारण सात जण सांगतात की हो, पृथ्वी तापतेय. पण तापतेय हे पटणं वेगळं आणि मत देताना डोक्यात काय असतं ते वेगळं. महागाई, नोकरी, इमिग्रेशन, गर्भपाताचा हक्क, हे सगळं आधी येतं आणि हवामान यादीत बरंच खाली राहतं. मामाला मी आठवण करून दिली की महापूर ऑगस्टमध्ये आला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये आपली विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा सांगलीत लोक कशावर बोलत होते? पंचनामे झाले का, सानुग्रह अनुदान खात्यात आलं का, अलमट्टीतून पाणी वेळेवर सोडलं का. पाऊस असा का पडायला लागलाय यावर कुठल्या सभेत भाषण ऐकलंस का? तो गप्प बसला थोडा वेळ.

आता अमेरिकेची खास भानगड. इथे राष्ट्राध्यक्ष देशभरातली मतं मोजून निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठराविक इलेक्टोरल मतं असतात, एकूण ५३८, त्यातली २७० मिळाली की जिंकलात, आणि जवळजवळ सगळ्या राज्यांत जो एका मतानं का होईना पुढे असेल त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी मतं जातात. कॅलिफोर्निया डेमोक्रॅट्सचं हे ठरलेलं, त्यामुळे तिथे जंगलं पेटोत नाहीतर विमा कंपन्या पळून जावोत, प्रचाराला सहसा कुणी फिरकत नाही, जातात ते मुख्यतः देणग्या गोळा करायला. उरतात ती काठावरची राज्यं. २०२४ मध्ये ती सात होती, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेवाडा. या सातांत सगळ्यात वजनदार आमचं पेनसिल्व्हेनिया, १९ मतं. आणि टेक्सासच्या खालोखाल देशात सगळ्यात जास्त नॅचरल गॅस निघतो तोही इथेच. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा, मामाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

हा गॅस निघतो फ्रॅकिंगनं. जमिनीखाली हजारो फूट खोल मार्सेलस शेल नावाचा खडकाचा थर आहे, त्यात गॅस बारीक बारीक फटींत अडकलेला असतो. आधी सरळ खाली बोअर मारायचं, मग त्या थरात आडवं वळवून मैल-दोन मैल न्यायचं आणि प्रचंड प्रेशरनं पाणी, वाळू आणि केमिकल्स आत सोडायची, खडक तडकतो, वाळू त्या भेगा उघड्या धरते आणि गॅस वर येतो. यात जमीन आणि पाणी बिघडण्याची भीती खरी आहे. इथल्याच डिमॉक नावाच्या गावात २००९ च्या सुमाराला लोकांच्या विहिरीच्या पाण्यात मिथेन (नॅचरल गॅसमधला मुख्य वायू) आला आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. शिवाय मिथेन गळला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो.

पण दुसरी बाजू मला इथे राहूनच कळली. माझ्या ऑफिसात एकजण आहे, त्याच्या आजोबांची गाई-म्हशींची नाही, फक्त गाईंची डेअरी होती वॉशिंग्टन काउंटीत (राजधानी नाही, आमच्या पिट्सबर्गच्या दक्षिणेची काउंटी). दुधाला भाव नाही म्हणून विकायला काढलेली जमीन. मग गॅस कंपनीनं लीज केलं. अमेरिकेत जमिनीखालच्या खनिजाचे हक्क खाजगी माणसाकडे असू शकतात, आपल्यासारखं तेल-गॅस सापडला की सरकारचा असं नसतं, आणि पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानं गॅसच्या रकमेचा निदान आठवा हिस्सा रॉयल्टी म्हणून मालकाला द्यावा लागतो. तर दर महिन्याला त्याच्या आईच्या नावानं चेक येतो. सुरुवातीला मोठा यायचा, आता कमी झालाय, पण त्या चेकवर गोठ्याचं छप्पर झालं, बहिणीचं कॉलेज झालं. तो हवामान बदल मानतो, त्याच्याशी बोलताना मला कधी वाद घालावा लागला नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना एकदा तो म्हणाला की मला सगळं माहितीय, पण फ्रॅकिंग बंद करू म्हणणाऱ्याला मत द्यायचं म्हणजे आईला जाऊन सांगायचं की उद्यापासून चेक बंद. त्याला मी काय उत्तर देणार होते? आणि चेक न मिळणाऱ्यांनासुद्धा याचा हिस्सा पोचतो, २०१२ पासून इथे गॅसच्या प्रत्येक विहिरीमागे इम्पॅक्ट फी घेतात आणि ते पैसे काउंटी आणि गावांना जातात, रस्ता, अग्निशमनची गाडी, पार्क असं काय काय त्यातून होतं.

आता आकडे बघा. पेनसिल्व्हेनियात २०१६ ला ट्रम्प जिंकले सुमारे ४४ हजार मतांनी, २०२० ला बायडेन जिंकले सुमारे ८० हजारांनी, २०२४ ला परत ट्रम्प सुमारे १ लाख २० हजारांनी, आणि मतदान होतं ६० ते ७० लाखांचं. म्हणजे फरक टक्का-दोन टक्क्यांचा. गॅसवर पोट असलेले लोक राज्यात बहुसंख्य अजिबात नाहीत, पण एवढ्या बारीक फरकात थोडे जण जरी इकडचे तिकडे झाले तरी व्हाइट हाऊस जातं, या भीतीनं उमेदवार बोलतात. कमला हॅरिस २०१९ मध्ये म्हणाल्या होत्या की फ्रॅकिंगवर बंदी यायला हवी. २०२४ च्या १० सप्टेंबरला फिलाडेल्फियात ट्रम्पबरोबर त्यांचा डिबेट झाला तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं की मी बंदी घालणार नाही. आणि तेव्हा आमच्या पत्रपेटीतली पत्रकं तरीही २०१९ चंच वाक्य छापत होती.

त्या डिबेटमध्ये हवामानावर प्रश्न आला तो अगदी शेवटचा. हॅरिस यांनी घराच्या विम्याबद्दल थोडं सांगितलं, क्लीन एनर्जीत केलेल्या गुंतवणुकीबद्दल सांगितलं आणि लगेच जोडलं की देशातलं गॅसचं उत्पादनही आम्ही विक्रमी केलंय. ट्रम्प यांनी प्रश्न बाजूला ठेवला आणि कारखाने, मेक्सिको, चीन यावर बोलले. झालं, संपला विषय. मी सोफ्यावर बसून बघत होते आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण हॅरिस यांच्याकडे सांगायला त्या दिवशी सगळ्यात जास्त होतं आणि त्यांना ते पुरतं सांगता येत नव्हतं. ते काय होतं ते पुढे सांगते.

त्याआधी २००० ची निवडणूक, कारण माझ्या मते या सगळ्याचं मूळ तिथे आहे. तेव्हाची फ्लोरिडाची ५३७ मतं सगळ्यांना पाठ आहेत, जॉर्ज बुश जिंकले, अल गोर हरले. पण वेस्ट व्हर्जिनिया कुणाला आठवत नाही. कोळशाच्या खाणींचं राज्य, कामगार युनियनचं, कित्येक दशकं डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला. गोर म्हणजे हवामान बदलावर सगळ्यात आधीपासून बोलणारा नेता आणि कार्बन कमी करायच्या १९९७ च्या क्योटो करारात हात असलेला, तर खाणवाल्यांना वाटलं हा आपलं पोट मारणार, आणि वेस्ट व्हर्जिनिया बुशकडे गेलं. इलेक्टोरल मतं किती? फक्त ५. बुशना एकूण मिळाली २७१. ती ५ गोरकडे असती तर फ्लोरिडात काहीही झालं असतं तरी गोर राष्ट्राध्यक्ष झाले असते. कोळशाच्या गावाला नाराज केलं की काय होतं हा धडा दोन्ही पक्षांनी तिथे घेतला. गंमत नाही सांगत, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत वेस्ट व्हर्जिनिया तेव्हापासून एकदाही डेमोक्रॅट उमेदवाराकडे परत आलेलं नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन एका कार्यक्रमात कोळशाच्या भागात नवे रोजगार आणण्याबद्दल बोलत होत्या, त्या ओघात त्यांच्या तोंडून निघून गेलं की आपण बऱ्याच खाण कामगारांना आणि कंपन्यांना धंद्यातून बाहेर काढणार आहोत. पुढचं-मागचं सगळं गळून पडलं आणि तेवढं एक वाक्य निवडणूक संपेपर्यंत फिरत राहिलं.

तुम्ही म्हणाल डेमोक्रॅट घाबरतात हे समजलं, पण रिपब्लिकन तर विषयच उडवून लावतात, त्यांचं काय? तेही कायम असं नव्हतं. १९८८ च्या २३ जूनला नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन सिनेटच्या (संसदेचं वरचं सभागृह) समितीपुढे बसले आणि म्हणाले की तापमान वाढतंय याची मला ९९ टक्के खात्री आहे. बाहेर वॉशिंग्टनमध्ये भाजून काढणारं ऊन आणि देशात दुष्काळ. ते निवडणुकीचं वर्ष होतं. रिपब्लिकन उमेदवार होते थोरले बुश, आणि ते मिशिगनच्या सभेत म्हणाले की ग्रीनहाऊस इफेक्टपुढे आपण हतबल आहोत असं ज्यांना वाटतं ते व्हाइट हाऊसचा इफेक्ट विसरतात. थोरल्या बुशनीच १९९२ मध्ये हवामानाच्या मूळ जागतिक करारावर सही केली. अगदी २००८ पर्यंत, म्हणजे ओबामा विरुद्ध मॅकेन, दोन्ही उमेदवार कार्बनवर मर्यादा आणायच्या बाजूचे होते. मॅकेन रिपब्लिकन होते बरं का, आणि त्यांनी सिनेटमध्ये तसं विधेयकही आणलेलं होतं.

मग दोन-तीन वर्षांत सगळं फिरलं. २००९ मध्ये कॅप अँड ट्रेडचं विधेयक आलं. कल्पना अशी की देशानं वर्षाला किती कार्बन सोडायचा त्याची वरची मर्यादा सरकार ठरवणार, तेवढ्या परवान्यांची वाटणी होणार, ज्या कारखान्यानं धूर कमी केला तो उरलेले परवाने दुसऱ्याला विकू शकतो, आणि मर्यादा दरवर्षी खाली आणायची. ॲसिड रेन कमी करायला थोरल्या बुशच्या काळात १९९० मध्ये हीच पद्धत आणलेली आणि ती चाललीही. पण २००९ म्हणजे मंदी, लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या, घरं जप्त होत होती, त्यात विरोधकांनी याला विजेवरचा टॅक्स म्हणून रंगवलं. हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, २१९ विरुद्ध २१२ असं पास झालं आणि सिनेटमध्ये मेलं. २०१० च्या मध्यावधीत (राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यावर होणारी संसदेची निवडणूक) साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन खासदार बॉब इंग्लिस, ज्यांनी हवामान बदल खरा आहे असं उघड म्हटलं होतं, ते स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत आपटले. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे पक्षाचेच मतदार ठरवतात ती आधीची निवडणूक, आपल्याकडे तिकीट वरून मिळतं, इथे ते असं लढून मिळवावं लागतं, आणि तिथे मतदान करणारे लोक थोडे आणि कट्टर असतात. इंग्लिस पडले हे बाकीच्या खासदारांनी बघितलं. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाच्या एका निकालानं कंपन्यांना निवडणुकीत हवा तेवढा पैसा ओतायला वाट मोकळी झाली, आणि तेल-कोळशाकडे पैसा कमी नव्हता. त्याच ऑक्टोबरमध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट, जो मॅन्चिन, सिनेटसाठी उभे होते, त्यांनी जाहिरातीत काय केलं तर रायफल उचलली आणि त्या विधेयकाच्या कागदाला गोळी मारली. डेमोक्रॅट उमेदवार, स्वतःच्या पक्षाच्या विधेयकाला! जिंकले ते.

हे नाव लक्षात ठेवा, कारण बारा वर्षांनी सगळं याच माणसापाशी येऊन थांबलं.

सिनेटचा नियम असा की कुठलंही मोठं विधेयक पुढे सरकवायला १०० पैकी ६० जण लागतात, आणि तेवढे कुठल्याच पक्षाकडे सहसा नसतात. एकच मागचा दरवाजा आहे, बजेटशी संबंधित गोष्ट असेल तर साध्या बहुमतावर होते. म्हणजे टॅक्स लावणं, टॅक्समध्ये सूट देणं, खर्च करणं हे चालतं, पण "अमुक सालापासून कोळशाची वीज बंद" असा नियम या वाटेनं होत नाही. म्हणून बायडेन यांच्या काळात हवामानाचा कायदा झाला तो सगळा सवलतींचा झाला, सोलर लावा सूट घ्या, इलेक्ट्रिक गाडी घ्या साडेसात हजार डॉलरपर्यंत सूट, बॅटरीचा कारखाना काढा सूट. कायद्याचं नाव इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट, नावात हवामानाचा पत्ता नाही, कारण २०२२ च्या उन्हाळ्यात महागाई ९ टक्क्यांवर गेलेली आणि पेट्रोल गॅलनला पाच डॉलर झालेलं, लोकांना तेच ऐकायचं होतं. सिनेटमध्ये मतं पडली ५० विरुद्ध ५०. मॅन्चिन शेवटच्या क्षणी हो म्हणाले म्हणून ५० तरी झाली. बरोबरी झाली की उपराष्ट्राध्यक्षाचं मत चालतं, आणि त्या खुर्चीत होत्या कमला हॅरिस. अमेरिकेच्या इतिहासातला हवामानावरचा सगळ्यात मोठा खर्च, सुरुवातीच्या अंदाजानं सुमारे ३६९ अब्ज डॉलर, त्यांच्या एका मतानं झाला. डिबेटमध्ये त्यांच्याकडे सांगायला होतं म्हटलं ते हे. पण पेनसिल्व्हेनियात उभं राहून हे ठासून सांगायचं की त्याच कायद्यानं ड्रिलिंगलाही नव्या जागा मिळाल्या हे सांगायचं, तर त्यांनी दुसरं निवडलं.

या कायद्यातला सगळ्यात विचार करून केलेला भाग म्हणजे कारखाने. हिशोब असा की फायदा विरोधकांच्या मतदारसंघात पोचला की पुढे कायदा मोडायला त्यांचाच हात अडखळेल. आणि पैसा गेलाही तिकडेच, जमीन स्वस्त, परवानग्या पटकन, त्यामुळे बहुतेक गुंतवणूक रिपब्लिकन भागात झाली. जॉर्जियात डाल्टन नावाच्या गावात सोलर पॅनेलचा मोठा कारखाना वाढला, तो मतदारसंघ होता मार्जरी टेलर ग्रीन यांचा, ज्यांनी कायद्याच्या विरोधात मत दिलेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये १८ रिपब्लिकन खासदारांनी स्वतःच्याच स्पीकरना पत्र लिहिलं की सगळा कायदा रद्द करू नका, आमच्याकडे कामं चालू आहेत. मला तेव्हा वाटलेलं की बसली ही गोष्ट, आता नाही उखडत.

उखडली. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प जिंकले, आणि २०२५ च्या १ जुलैला सिनेटमध्ये त्यांचं मोठं बजेट विधेयक आलं, मतं पडली परत ५० विरुद्ध ५०, आणि या वेळी उपराष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत होते जे डी व्हान्स. पत्र लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हाऊसमध्ये त्याच्याच बाजूनं मत दिलं, पक्षाविरुद्ध गेलं की प्रायमरीत इंग्लिस होतो हे त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती. इलेक्ट्रिक गाडीची सूट ३० सप्टेंबर २०२५ ला बंद, पवनचक्की आणि सोलरच्या सवलतींना जवळच्या तारखा लावल्या. एका खुर्चीच्या एका मतानं आलेली गोष्ट तीन वर्षांच्या आत त्याच खुर्चीच्या एका मतानं गेली.

पॅरिस करार, म्हणजे तापमानवाढ रोखायचा जागतिक करार, त्याचंही असंच. ट्रम्प यांनी १ जून २०१७ ला बाहेर पडायची घोषणा केली, नियमानं बाहेर पडायला वेळ लागतो तर ते अंमलात आलं ४ नोव्हेंबर २०२० ला, आणि मतदान होतं ३ नोव्हेंबरला! मतमोजणी चालू असताना देश करारातून बाहेर पडला. बायडेन यांनी पहिल्याच दिवशी सही केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आत. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला परत बाहेरची सही केली, २७ जानेवारी २०२६ ला परत बाहेर. गॅस पाइपलाइन, विजेचं केंद्र, गाड्यांचा कारखाना या गोष्टी तीस-चाळीस वर्षांच्या हिशोबानं बांधतात आणि नियम दर चार वर्षांनी उलटे होतात, तर पैसा लावणारा माणूस हात आखडता घेतो, मग कायदा कितीही चांगला असो. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या धरसोडीनं होतं, आणि त्यावर प्रचारात कुणी बोलत नाही.

आता मामानं टीव्हीवर बघितलं त्याकडे येऊ. हेलीन वादळ २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं आणि दुसऱ्या दिवशी शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या ॲशव्हिल शहरावर कोसळलं. हे लक्षात घ्या, ॲशव्हिल समुद्रापासून इतकं लांब आणि उंचावर आहे की तिथे वादळाचा एवढा तडाखा बसेल असं बहुतेकांच्या डोक्यातही नव्हतं. शास्त्रज्ञांनी हिशोब काढला की तापलेल्या हवेमुळे पाऊस साधारण १० टक्के जास्त पडला, आणि नदी आधीच काठाला टेकलेली असेल तर १० टक्के म्हणजे काय ते सांगलीकराला सांगायला नको. धरणातून शहराला येणारे मोठे पाइपच वाहून गेले. आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब तिथे आहे, त्यांनी टॉयलेटला पाणी म्हणून ओढ्यातून बादल्या आणल्या, प्यायला बाटल्यांसाठी रांग, नळाला पाणी आलं तेव्हा ते चहाच्या रंगाचं. प्यायचं पाणी नळाला आलं १८ नोव्हेंबरला. मतदान ५ नोव्हेंबरला झालं. म्हणजे लोक बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुऊन मत द्यायला गेले, काही केंद्रं वाहून गेली किंवा हलवावी लागली तरी गेले.

आणि त्या आठवड्यांत चर्चा कशाची? पूरग्रस्तांना फक्त ७५० डॉलर देतात अशी अफवा, खरं तर ती तातडीची पहिली मदत होती, पुढची वेगळी. मदतीचा पैसा बेकायदा स्थलांतरितांवर उडवला अशी अफवा, ती तर सभांमधून सांगितली गेली. सरकारच वादळं घडवतं असंही. मदत करणाऱ्या फेमा या सरकारी यंत्रणेच्या लोकांना धमक्या आल्या आणि काही भागात त्यांना काही काळ दारोदार जाणं थांबवावं लागलं. ज्या बाईच्या घरात गुडघाभर गाळ आहे तिनं भीतीनं फॉर्मच भरला नाही तर तिचं नुकसान कोण भरून देणार, हा विचार मला अजून छळतो. एक झालं, १ ऑक्टोबरला उपराष्ट्राध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये हवामानाचा प्रश्न सुरुवातीलाच आला, हेलीनमुळे. पण वादळानं नॉर्थ कॅरोलायनाचा निकाल काही फिरला नाही, ट्रम्प तिथे तीनेक टक्क्यांनी जिंकले.

शब्दांचंही एक राजकारण आहे, थोडक्यात सांगते. २०२४ मध्ये फ्लोरिडानं कायदा करून राज्याच्या कायद्यांमधले हवामान बदलाचे बरेचसे उल्लेख काढून टाकले. आणि त्याच फ्लोरिडात घराचा विमा इतका महाग झालाय की सरकारी विमा कंपनीवर लाखो घरांचा बोजा आला. उलट टेक्सास हे देशात पवन ऊर्जेत पहिलं आणि आयोवात अर्ध्याहून जास्त वीज वाऱ्यावर होते, दोन्ही पक्की रिपब्लिकन राज्यं. शेतकऱ्याला पवनचक्कीचं भाडं मिळतं, शाळेला कर मिळतो, तिथे हवामान हा शब्द न काढता सगळं चालतं.

हे परवा मामाला परत फोनवर सांगत होते, कारण २०२६ च्या नोव्हेंबरात मध्यावधी आहे आणि तो आता विचारतोच. त्याला न्यू जर्सीचं सांगितलं, माझी मैत्रीण राहते तिथे एडिसनमध्ये, तिथे आपली मराठी माणसं ढिगानं आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात तिथे गव्हर्नरची निवडणूक झाली, प्रचारात मोठा मुद्दा विजेच्या बिलाचा. डेटा सेंटरमुळे मागणी वाढली, नवी वीज तेवढी तयार झाली नाही, बिलं चढली. मैत्रिणीनं जुलैचं बिल फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं, एसी लावताना सगळ्यांनी बघावं म्हणून. डेमोक्रॅट मिकी शेरिल यांनी दर गोठवण्याचं वचन दिलं आणि त्या जिंकल्या. त्याच दिवशी जॉर्जियात विजेचे दर ठरवणाऱ्या आयोगाच्या दोन जागा डेमोक्रॅट्सनी जिंकल्या, ज्या निवडणुकीकडे एरवी कुणी बघतही नाही.

"म्हणजे हवामानावर जिंकले का?" मामानं विचारलं.

मी म्हटलं नाही, लाइट बिलावर.

"मग तेच बोला म्हणावं," तो म्हणाला, आणि मग मामीनं हाक मारली, कारण तिकडे सकाळ झाली होती आणि मोटर चालू करायची वेळ होती, लाइट जायच्या आत टाकी भरायची असते.